काठीची सावली

सोमवार, ३ तारीख

ही वही खरं तर दिव्यांची आहे. पहिली चाळीस पानं आकड्यांनी भरलेली आहेत: कुठला दिवा, किती टक्के, कोणत्या वाक्यावर. उरलेली कोरी होती. बायको म्हणाली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पुटपुटत असता, त्यापेक्षा लिहून काढा, निदान भिंतीची तरी सुटका होईल. म्हणून लिहायला घेतलंय.

आज एका चित्रीकरण करणाऱ्या दिग्दर्शकाचा फोन आला. एक जुनं नाटक चार कॅमेरे लावून चित्रित करायचंय. प्रेक्षकांसमोर, एकदाच, पंधरा तारखेला दुपारी चार वाजता. रंगमंच आणि कॅमेरा दोन्ही कळणारा दिवेवाला त्याला हवा होता. तुमचं नाव एका बाईंनी सुचवलं, म्हणाला. त्या कुकरच्या जाहिरातवाल्या बाई असणार. कुकरच्या चकचकीत झाकणात कॅमेऱ्याची सावली दिसू नये म्हणून मी दीड दिवस झटलो होतो, तेव्हा फार खूश झाल्या होत्या.

नाटक कुठलं म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि दहा मिनिटं गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ते माझंच नाटक आहे. म्हणजे त्याचे दिवे माझे. आणि त्यात म्हाताऱ्याचं काम करणारा नट माझ्या ताईचा नवरा आहे. त्याला भाऊजी म्हणायचं मी अकरा वर्षांपूर्वी सोडलं. इथे नुसतं नट असं लिहीन.

मंगळवार, ४

बायकोला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अकरा वर्षं दात धरून बसलात, आता दात पडायचं वय झालं." मला पंचावन्न पूर्ण झाली आहेत आणि आजवर एकच दाढ गेली आहे.

काय झालं होतं ते एकदा लिहूनच टाकतो. नाटकाच्या शेवटी पहाट होते. रात्रभर जागलेला म्हातारा पुढे येतो आणि मागे राहिलेल्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. ही पहाट मी दोन महिने खपून बसवली होती. निळा उजेड, फक्त पंधरा टक्के, आणि तोही इतका सावकाश की कधी आला ते प्रेक्षकाला कळूच नये. त्या दिवशी पहाट वेळेवर आली. माझं बोट दिव्याच्या कळीवर होतं आणि मी ती डोळ्यांनी पाहिली. आणि हा नट बोलता बोलता थांबला, नाटकातून बाहेर आला आणि भरल्या सभागृहाला म्हणाला, "माफ करा, आमच्या दिवेवाल्याला डुलकी लागलेली दिसते. उजेड आला की पुढे जाऊ."

नऊशे माणसं हसली. उजेड आलेलाच आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एवढा मोठा नट सांगतोय म्हणजे यायचा असेल अजून, असं त्यांना वाटलं. मी इतका गडबडलो की सगळे दिवे शंभर टक्क्यांवर नेले. म्हणजे चूक कबूल केल्यासारखंच झालं.

दुसऱ्या दिवशी मला काढलं. ताई त्या प्रयोगाला विंगेतच उभी होती, तरी म्हणाली, माफी मागून टाक आणि विषय संपव. कशाची माफी? तेव्हापासून या धंद्यात माझं नाव डुलकी. नवीन ओळख झालेली माणसंसुद्धा विचारतात, तुम्हीच ना ते? बायकोला कुणीतरी दुकानात "डुलकीवहिनी" म्हणालं होतं, तर ती सामान तिथेच टाकून घरी आली. नाटकवाल्यांनी बोलावणं बंद केलं. मग लग्नाचे हॉल झाले, शाळांची संमेलनं झाली, साबण झाले, कुकर झाले.

त्याने खोटं का सांगितलं असेल याचा मी अकरा वर्षं विचार केला आहे. उत्तर एकच निघतं. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात माझ्या पहाटेचं कौतुक छापून आलं होतं आणि त्याच्या अभिनयावर दीड ओळ होती. तेच त्याला झोंबलं. आता उट्टं काढायची वेळ आपल्या पायांनी चालत आली आहे, तर मी कशाला दार लावून घेऊ?

गुरुवार, ६

सभागृह पाहून आलो. नवंकोरं आहे, मागच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. रंगमंच छातीएवढा उंच. त्याच्या पुढे खाली जमिनीवर दोन लोखंडी रूळ टाकलेत, कॅमेऱ्याची गाडी त्यावरून फिरणार. दिग्दर्शक दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून जगाकडे बघतो. मनातल्या मनात मी त्याला चौकटसाहेब म्हणतो. आवाजाचा माणूस लांब काठीच्या टोकाला माइक लावून ती नटांच्या डोक्यावर धरतो. तासन् तास एका पायावर भार देऊन उभा राहतो म्हणून त्याला सगळे बगळा म्हणतात, आणि तो त्या नावाला ओसुद्धा देतो.

कॅमेऱ्यासाठी रंगमंच उजळायचा म्हणजे अर्धं काम सावल्या हुसकावण्याचं. काठीची सावली, दिव्याच्या स्टँडची सावली, कॅमेऱ्याचीच सावली. सभागृहात बसलेल्या माणसाला एखादी दिसली तरी तो पुढच्या वाक्याला विसरतो. कॅमेरा विसरत नाही. यातला पहिला नियम असा की मुख्य दिवा आणि माइकची काठी कधी एका बाजूला ठेवायची नाही. दिवा डावीकडून असेल तर काठी उजवीकडून, मग तिची सावली नटाच्या पाठीमागे जमिनीवर पडते आणि चौकटीच्या बाहेर राहते. दोन्ही एका बाजूला आले की सावली थेट तोंडावर.

हे मी चौकटसाहेबांना करून दाखवलं. ते म्हणाले, अहो, तुम्ही आत्तापर्यंत कुठे होतात? मी म्हणालो, कुकरमध्ये.

शुक्रवार, ७

ताई आली होती. अकरा वर्षांत आम्ही दोनदा भेटलो, एकदा आई गेली तेव्हा आणि एकदा भाचीच्या लग्नात. केस सगळे पांढरे झालेत. माझ्याशी बोलताना तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

नटाचा निरोप घेऊन आली होती. चौकटसाहेबांनी नवे पांढरे सपाट दिवे आणलेत, ते शेवटच्या प्रवेशाला नकोत. जुना पिवळा दोन हजार वॅटचाच हवा, आणि तोही समोर डावीकडे, जवळ. "ते नवे गार असतात रे," म्हणाली. बघा म्हणजे, आता त्याला उबेत उभं राहून अभिनय करायचाय. पिवळ्या उजेडात सुरकुत्या कमी दिसतात हे मला काय ठाऊक नाही?

पण मी एका शब्दाने हो म्हणालो. ती चकित झाली, तिला वाटलं होतं मी आडवा येईन. नव्या दिव्यांची सावली मऊ पडते, कडा नसते तिला. जुन्या दिव्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. मला तीच हवी आहे.

रविवार, ९

जेवणाच्या टेबलावर प्रयोग केले. मिठाची बाटली म्हणजे नट, पेन्सिल म्हणजे काठी, टॉर्च म्हणजे दिवा. बायको म्हणाली, मिठाने काय घोडं मारलंय तुमचं?

बेत असा आहे. तालमीत सगळं स्वच्छ ठेवायचं, एक सावली दिसू द्यायची नाही. प्रयोगाच्या दिवशी मध्यंतरात डावीकडचा दिवा रंगमंचापासून दोन हात मागे घ्यायचा आणि हातभर उंच करायचा. बगळ्याला सांगायचं, तू उजवीकडे कॅमेऱ्यात येतोस, डावीकडे ये. झालं. काठी दिवा आणि चेहऱ्याच्या मध्ये आली. शेवटच्या प्रवेशात कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ जातो तो चार मिनिटं तिथेच राहतो. ती चार मिनिटं त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आडवीतिडवी काठी नाचेल. प्रेक्षक बसलेले असतील, थांबवता येणार नाही. आयुष्यभराच्या कामाचं एवढंच चित्र मागे राहणार आणि त्यात तोंडावर काठी.

पडदा पडला की दिवा परत जागेवर. मग मला विचारतील, हे कसं झालं? मी म्हणेन, दिवा आहे तिथेच आहे, बघा. नटाने जागा सोडली. डुलकी लागली असेल.

हे वाक्य मी आज दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

सोमवार, १०

पहिली तालीम. नट आला तो ताईच्या हाताला धरून, काळा चष्मा लावून. सभागृहात, छपराखाली काळा चष्मा. लोक उठून उभे राहिले. मी ठरवलं होतं, चारचौघांत आपल्याकडून सभ्यपणात कमी नको. पुढे गेलो, हात पुढे केला. तो हात तसाच हवेत राहिला. त्याने ढुंकून पाहिलं नाही, माझ्या अंगावरून सरळ पुढे गेला. बगळा बघत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नंतर मी बगळ्याला मोठ्याने काहीतरी सांगितलं तेव्हा हे महाशय गर्रकन वळले आणि म्हणाले, "अरे, तू आहेस होय." जसं काही मी आत्ताच आकाशातून पडलो.

एरवी काम पूर्वीसारखंच. फक्त आता चालताना ओठ हलतात, काहीतरी मोजतो. दारापासून खुर्चीपर्यंत नऊ पावलं, पाठीवर हात ठेवायचा, मग तीन पावलं पुढे. तिथे मी पांढऱ्या चिकटपट्टीची फुली मारली आहे. फुलीवर आला की गाल दिव्याकडे करतो, थोडा पुढे, थोडा मागे, आणि मग "हां" म्हणतो. वयाबरोबर नखरेही वाढतात म्हणायचे.

बुधवार, १२

रंगमंचाच्या काठापासून हातभर आत कुणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड दोर चिकटवून ठेवला होता. दिवा लावला की त्याची लांबच लांब सावली फळ्यांवर पडे आणि रुळावरच्या कॅमेऱ्यात काळी रेघ दिसे. मी तो उपटून काढला. हे काही बेतातलं नव्हतं, हे सरळ काम होतं.

ताई धावत आली. "तो राहू दे ना." मी म्हटलं, कॅमेऱ्यात दिसतो. "असू दे, त्याला सवय आहे त्याची." सवय कसली असते दोराची? मी म्हटलं, कारण सांग, लावतो परत. चौकटसाहेब शेजारीच उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं काही चाललं नाही. फार बरं वाटलं.

जाताना हळूच म्हणाली, "मग तुझा तो दिवा तरी हलवू नकोस." मी म्हणालो, नाही हलवणार. तोंडावर खोटं बोललो. त्यांच्या घरात तशी पद्धतच आहे.

गुरुवार, १३

संपूर्ण तालीम, कॅमेरे चालू ठेवून. डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. चौकटसाहेबांनी नंतर सगळं पडद्यावर तपासलं, एकही सावली सापडली नाही. म्हणाले, तुम्हाला डुलकी का म्हणतात हो? मी म्हटलं, आमच्या मुख्य नटाला विचारा.

तो शेवटचं भाषण बोलला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे इथे लिहायला नको होतं. पण आलाच होता, तर काय करू. आवाज तसाच आहे, उलट अधिक चांगला झालाय. घरी येताना दोन वेळा मनात आलं की जाऊ दे. मग तो हवेत राहिलेला हात आठवला.

शुक्रवार, १४

उद्या. बायको म्हणाली, आज चेहरा का खुललाय? म्हटलं, उद्या सांगतो.

रविवार, १६, सकाळी

काल काही लिहिता आलं नाही. आता क्रमाने लिहितो.

सभागृह भरलं होतं. माझी जागा शेवटच्या रांगेमागे, दिव्यांच्या कळांपाशी, समोर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा छोटा पडदा, कानात चौकटसाहेबांचा आवाज. पहिला अंक उत्तम झाला. मध्यंतरात खाली गेलो, दिवा दोन हात मागे घेतला, हातभर वर चढवला. बगळ्याला डावीकडे बोलावलं. तो म्हणाला, इकडून सावली पडेल की. धंदा त्यालाही कळतो. मी म्हटलं, मी बघतो, तू ये. तुम्ही म्हणताय तर, असं म्हणून तो आला.

शेवटचा प्रवेश. मागे निळी पहाट, कॅमेऱ्याला दिसत नाही इतकी मंद, आणि समोरून माझा एकटा पिवळा दिवा. म्हातारा आला, नऊ पावलं चालला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे निघाला. फुलीवर पोचला. काठीची सावली त्याच्या तोंडावर चढली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, अगदी मिठाच्या बाटलीवर पडली होती तशी. मी मनात म्हणालो, घे.

पण तो थांबला नाही. थंडीत माणूस उन्हाकडे गाल करतो तसा त्याने डावा गाल दिव्याकडे केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. सावली घसरून पाठीमागे गेली, चेहरा स्वच्छ झाला. मला संताप आला, म्हटलं, इथेही सुटला हा. त्याने आणखी एक पाऊल टाकलं. भाषण सुरू झालं होतं. आणखी अर्धं. जिथे तो दोर होता तिथे त्याचा पाय फळीवर इकडेतिकडे फिरला, काही सापडेना, आणि त्याच्यापुढे गेला.

मी छोट्या पडद्यावर त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन हजारच्या दिव्यात तो सरळ बघत होता आणि त्याची पापणीसुद्धा लवत नव्हती. त्या दिव्याकडे क्षणभर बघितलं तर मला पाच मिनिटं हिरवे ठिपके दिसतात. तेव्हा मला कळलं. तो उजेड बघत नव्हता, ऊब शोधत होता. आणि ऊब मी दोन हात मागे नेली होती, रुळांच्या पलीकडे.

ओरडायला तोंड उघडलं, पण हात आधी चालला. दिवा शून्यावर आणला.

तो जागच्या जागी थांबला. बुटाचं टोक काठाबाहेर होतं. कानात चौकटसाहेब ओरडत होते, दिवा कुठे गेला, अहो, झोपलात का? दिवा परत लावला असता तर त्याने पुढचं पाऊल टाकलं असतं. खाली रूळ होते. मी कळीवर हाताचा पंजा दाबून धरला आणि तसाच बसून राहिलो. प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं, मग कुणीतरी त्याला गप्प केलं.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग जिथे वाक्य तुटलं होतं तिथून त्याने ते उचललं आणि त्या मंद निळ्या उजेडात पुढची चार मिनिटं पुरी केली. एक शब्द गाळला नाही. ताई विंगेतून आली, आपणही नाटकातलीच असल्यासारखी त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पडदा पडेपर्यंत तिने त्याची बाही सोडली नाही.

चौकटसाहेब धावत वर आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, "डुलकी लागली." बगळा माझ्याकडे बघत होता. मग तो खाली बघून माइकची वायर गुंडाळायला लागला.

तोच रविवार, दुपारी

राहिलेलं लिहून टाकतो.

रंगपटाच्या दाराशी ताईने मला गाठलं. दार अर्धवट उघडं ठेवून बाहेरच सांगितलं. त्याचे डोळे हळूहळू जात आहेत, कडेकडून. आता मधोमध नाण्याएवढं उरलंय आणि तेही धुरकट. त्या डुलकीच्या भानगडीनंतर महिन्याभराने डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, यात मंद उजेडातलं दिसणं सगळ्यात आधी जातं. बाहेर कुणाला माहीत नाही. पुढच्या महिन्यात चौकटसाहेब त्याला घेऊन दुसरं नाटक चित्रित करणार आहेत, कळलं तर ते हातचं जाईल.

मी आत गेलो. भाऊजी आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होते. एका कानाखाली राहिला होता. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

"दिवा मागे घेतला होतास," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"सावली पाडायला?"

"हो."

"पडली?"

मी म्हणालो, क्षणभर. ते हसल्यासारखे झाले. मला वाटलं आता शिव्या देतील, मी तयार होतो, खरं तर मला त्या हव्याच होत्या. ते फडकं चाचपत राहिले. मग म्हणाले, "तू दिवा घालवलास तेव्हा मागे निळा होता का रे?"

"होता. लोकांना तुमची आकृती दिसत होती."

"मला नाही दिसला." ताई त्यांचा कोट हातात घेऊन उभी होती. "डोळे नंतर जायला लागले असंच मी धरून चाललो होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी, तू झोपला होतास तेव्हा. तेव्हाही होता का?"

मी "नाही" म्हणू शकलो असतो. ताई माझ्याकडे बघत होती, आणि इतक्या विनवणीने तिने माझ्याकडे आजवर कधी पाहिलेलं नाही. माझी सगळी काठी, दिवा, बेत फुकट गेला होता आणि आता काही न हलवता नुसता एक शब्द बोलायचा होता.

"होता," मी म्हणालो. "पंधरा टक्के. शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होता."

ते ताईच्या बाजूला वळले. नेमके तिच्याकडे नाही, तिच्या जरा डावीकडे. "आणि तुला?"

ताईने कोट खुर्चीवर ठेवला. "दिसला होता," ती म्हणाली.

हे दोन शब्द ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. तिने ते मला सांगितले नाहीत, त्यांना सांगितले. भाऊजींनी रंगाचं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं आणि ते परत उलगडून पुन्हा घडी घातली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथून निघून आलो.

मंगळवार, १८

चौकटसाहेबांचा फोन आला. शेवटच्या प्रवेशात गुरुवारच्या तालमीचं चित्र जोडणार आहेत, तिथे सगळं स्वच्छ आहे, कुणाला पत्ता लागणार नाही. माझं नाव मात्र घालता येणार नाही, मंडळी नको म्हणतात, समजून घ्या. मग म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला खरंच झोप लागली होती? मी म्हणालो, हो, वय झालं.

बायको समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला मी रविवारीच सगळं सांगितलं आहे. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, खरं का नाही सांगितलंत? मी म्हटलं, खरं सांगायचं तर मग ते काठाकडे का चालले होते तेही सांगावं लागेल. उद्यापासून त्यांना रंगमंचावर कोण उभं करील? ताईचं घर कसं चालेल?

ती म्हणाली, "मग ताईंनी अकरा वर्षांपूर्वी दुसरं काय केलं?"

मी चिडलो. म्हटलं, फरक आहे. तिने माझ्या नावाचा बळी दिला तेव्हा मला विचारलं नव्हतं.

बायकोने हातातला शर्ट झटकला आणि घडीवर घडी ठेवली.

"आणि तुम्ही मला विचारलंत?" ती म्हणाली, आणि कपडे उचलून आत गेली.